एकेकसर

सरासरी हा शब्द एकेकसरांसमोर काढायचा नाही, हा आमच्या मंडळातला अलिखित नियम आहे. नव्या माणसाला तो ठाऊक नसतो. तो आपला सहज म्हणून जातो, "यंदा भोपाळात सरासरीइतका पाऊस झाला म्हणे." सर चष्मा कपाळावर ढकलतात आणि विचारतात, "कोणाच्या घरावर?" मग समोरच्याला पळायला वाट राहत नाही. "कोलारला गुडघाभर पाणी होतं आणि बैरागढला लोक छत्री घरी विसरत होते. सरासरीइतका पाऊस ज्याच्या कौलांवर पडला, असं एक घर मला दाखवा. एक!"

त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि पेन्शनवाल्यांना माहीत असेल. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून ते "एकेक या, एकेक या" असं म्हणत. मुलांनी त्यावरून नाव पाडलं आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर तेही घरी आलं. सरांना ते आवडतं. त्यांच्या मते जगातल्या निम्म्या चुका माणसं घोळक्यानं आत शिरल्यामुळे होतात आणि उरलेल्या निम्म्या तो घोळका एका नजरेत पाहिल्यामुळे.

घरात याचा त्रास काकूंना. एकदा त्या म्हणाल्या, "हे सरासरी तीन पोळ्या खातात." सर आतल्या खोलीतून ओरडले, "मी आयुष्यात तीन पोळ्या खाल्लेल्या नाहीत! काल दोन खाल्ल्या, परवा चार!" काकू म्हणाल्या, "कणीक भिजवताना मला तीनच धरावी लागते ना?" सर म्हणाले, "म्हणून तर काल एक उरली आणि परवा एक कमी पडली." या युक्तिवादाला उत्तर नाही. काकूंनी तेव्हापासून कणीक भिजवण्याआधी रोज विचारायला सुरुवात केली आणि सर रोज ऐन वेळी मत बदलू लागले.

बिट्टन मार्केटात ते टोमॅटो घ्यायला उभे राहिले की भाजीवाला आधी दुसऱ्या गिऱ्हाइकांना वाटेला लावतो. "को खां, सब एक जैसे हैं," तो म्हणतो. सर एक टोमॅटो उचलून उजेडात धरतात. "सब एक जैसे होते, तो तुम ऊपर अच्छे वाले क्यों रखते?" भाजीवाल्यानं अलीकडे सरांसाठी ढीग लावायचं सोडून दिलं आहे. तो टोपलीच पुढे करतो आणि शेजारच्याशी गप्पा मारायला निघून जातो.

हा स्वभाव मुळातलाच, पण त्याला शास्त्राचं पाठबळ मिळालं ते २०२२ साली. मुलगी-जावई स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असतात. सर उन्हाळ्यात तिकडे गेले. इतर आजोबा परदेशी गेले की नातवंडं सांभाळतात आणि मॉलचे फोटो पाठवतात. सर तिथल्या चाल्मर्स विद्यापीठाची भिंत पाहून आले. आत जायची ओळख नव्हती, म्हणून भिंतच. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या बार्बोरा श्पाच्कोव्हा, ख्रिस्तोफ लांगहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर मेथड्स'मध्ये आला होता. एकेका जैविक रेणूला कुठलाही रंग न लावता, कशालाही न चिकटवता, नॅनोमीटरच्या नळीत तरंगता तरंगता पाहण्याची पद्धत त्यांनी मांडली होती. सरांनी तो निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि जावयाला म्हणाले, "बघा. मी चाळीस वर्षं काय म्हणत होतो? एकेक या!"

भोपाळला परतल्यावर संध्याकाळी बोट क्लबवर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला सरांनी हा निबंध ऐकवला. तिथल्या बाकावर ते कडेला बसतात. पाहुणा आत आणि सर बाहेर, अशी बैठक असते. पुढं मोठा तलाव, मागं गाड्यांचा रस्ता. सुटका नाही.

"परीक्षानळीतल्या थेंबात प्रथिनाचे अब्जावधी रेणू असतात," ते सुरू करतात. "तुम्ही त्या सगळ्यांचं मिळून एक मोजमाप घेता आणि सांगता, हे प्रथिन असं वागतं. कोणतं? समजा हजारातले नऊशे नव्वद नीट घडी घालून गप्प बसलेत आणि दहा जण उलगडून एकमेकांना चिकटतायत. आजाराचं मूळ त्या दहांत असेल, साहेब! तुमच्या सरासरीत ते दहा कुठं आहेत?"

पाहुणा हळूच म्हणतो, की एकेक रेणू बघण्याची सोय आधीपासून होती ना? सरांना हा प्रश्न हवाच असतो.

"होती. पण बिल्ला लावून! रेणूला चकाकणारा रंग जोडायचा किंवा जेलीफिशमधलं हिरवं चकाकणारं प्रथिन जोडायचं. शिमोमुरांना ते १९६२ साली सापडलं, २००८ मध्ये चाल्फी आणि त्सिएन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. थोर काम. माझी ना नाही. पण त्या हिरव्या बिल्ल्याचं वजन माहीत आहे? सत्तावीस हजार डाल्टन. आणि इन्शुलिनचा रेणू केवढा? जेमतेम पाच हजार आठशे. बिल्ला माणसाच्या साडेचारपट! आता तो माणूस चालताना स्वतःसारखा चालेल का? शिवाय उजेडाखाली बिल्ला थोड्या वेळानं विझतो. रेणू तिथंच असतो, आपण म्हणतो गेला."

मग ते बिनबिल्ल्याच्या अडचणीकडे वळतात. रेणू इतका लहान, की त्याच्यावरून विखुरलेला उजेड नसल्यासारखाच. हा उजेड आकाराच्या सहाव्या घाताप्रमाणे घटतो, म्हणजे कण निम्मा झाला की उजेड चौसष्टपट कमी. पण हाच फिका उजेड दुसऱ्या एखाद्या उजेडात मिसळू दिला, दोघांच्या लाटा एकमेकींना भिडल्या, की हिशेब तिसऱ्या घातावर येतो. निम्म्या कणाला आठपटच कमी. "आठपट निभावता येतं," असं सर म्हणतात, जणू ती त्यांच्या घरची उधारी आहे. ऑक्सफर्डच्या फिलिप कुकुरा यांच्या गटानं २०१८ मध्ये याच तत्त्वावर एकेका प्रथिनाचं वजन करून दाखवलं. पण तिथं रेणू खालच्या काचेवर येऊन टेकावा लागतो. टेकला तर मोजला.

"म्हणजे पटियावर येऊन बसेल त्याचीच हजेरी," चौकाकडच्या एका काकांनी एकदा म्हटलं. जुन्या भोपाळात दुकानांपुढं दगडी फरशा असतात, त्यांना पटिये म्हणतात. रात्री दुकानं मिटली की गप्पांचे फड तिथंच रंगतात. सरांनी त्या काकांचा हात हातात घेतला. "बरोब्बर! आणि जो गल्लीतून नुसता चालत गेला, त्याचं काय? चाल्मर्सवाल्यांनी त्या चालत्या माणसाची सोय केली."

ती सोय अशी. सिलिकॉनच्या चकतीवर काचेचा थर आणि त्यात कोरलेल्या नळ्या. रुंदी शंभर नॅनोमीटरच्या आगेमागे, खोली कधी त्याहूनही कमी. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा शेकडो मावतील. या नळीवर प्रकाश टाकला की ती स्वतःच थोडा उजेड विखुरते आणि कॅमेऱ्यात तिची रेघ दिसते. आधी रिकाम्या नळीची छबी घ्यायची. मग रेणू आत आला, की त्याचा उजेड नळीच्या उजेडात मिसळतो आणि रेघेवर त्या जागी किंचित फरक पडतो. भरल्या छबीतून रिकामी वजा केली की फक्त फरक उरतो. फरक किती, यावरून रेणूचं वजन. आणि तो नळीत पुढे-मागे किती वेगानं भटकतो, यावरून त्याचा आकार, कारण लहान कण जास्त भटकतो आणि पसरलेला कण पाण्यात अडखळतो. हे आइन्स्टाइननं १९०५ मध्येच मांडून ठेवलं होतं. वजन आणि आकार दोन्ही हाती आले, की रेणू घडी घातलेला आहे की उलगडलेला, हेही कळतं.

"त्याला कुठं टेकायला नको, काही मिरवायला नको," सर समारोप करतात. "त्यानं फक्त नळीतून जायचं."

हे सगळं तलावाच्या काठापुरतं राहिलं असतं तर मंडळात शांतता नांदली असती. पण त्या वर्षी गणेशोत्सवाच्या महाप्रसादाचा हिशेब पुन्हा बिघडला. आमची कार्यकारिणी दर माणशी सव्वा पान धरून स्वयंपाक सांगते. एका वर्षी मसालेभाताची पातेली पिपलानीपर्यंत वाटावी लागतात, तर दुसऱ्या वर्षी जिलबी संपते आणि शेवटच्या पंगतीला शेव वाढून वेळ मारून नेली जाते. कोणी दोनदा जेवू नये म्हणून बिल्ले केले होते. सभासदांना निळा, पाहुण्यांना पिवळा, कार्यकारिणीला लाल रेशमी फीत. उपयोग शून्य. बिल्ला खिशात घातला की माणूस नवा होतो.

बैठकीत सर उठून म्हणाले, "मोजणी माझ्याकडे द्या." अध्यक्ष त्या दिवशी खुशीत होते. "सरांना आपण मोजणीप्रमुखच करू. एका वर्षाचं काय, आजीव करू!" असं म्हणून त्यांनीच मोठ्यानं "मंजूर?" विचारलं आणि त्याहून मोठ्यानं "मंजूर!" असं उत्तर दिलं. इतरांनीही री ओढली. आवाजी मतदानाची आमच्याकडे मोठी परंपरा आहे.

पुढचा महाप्रसाद आला. सभागृहातून जेवणाच्या मांडवाकडे जायला दोन वाटा होत्या. रुंद वाट सरांनी बाकं लावून बंद केली. उरला तो भिंत आणि कुंपण यांच्यामधला बोळ. एका वेळी एकच माणूस, तोही शिस्तीतला. भादव्याच्या पावसानं बोळातलं गटार भरलं होतं, म्हणून त्यावर लांब फळी टाकलेली होती. ती फळी पाहून सरांना जो आनंद झाला, तो मी मुंजीतल्या बटूच्या आजोबांच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

मंडळातल्या इतिहासप्रेमी गृहस्थांनी तक्रार केली. "डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडला, रसद तोडली आणि जानेवारीत दोराह्याला तह करायला लावला. त्या भोपाळात तुम्ही मराठी माणसालाच कोंडता?" सर म्हणाले, "निजामाची सरासरी काढत बसले असते, तर तो अर्धा दिल्लीत आणि अर्धा दख्खनमध्ये सापडला असता. अरुंद जागी आणला, म्हणून हाती लागला." गृहस्थांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. बहुधा पुढच्या व्याख्यानासाठी.

फळीच्या मध्याशी सरांनी उभी पट्टी ठोकली. माणूस वरून गेला की फळी किती मिलिमीटर दबते ते पट्टीवर दिसे. भिंतीवर हात-हात अंतरावर खडूच्या रेघा मारल्या होत्या आणि हातात कॉलेजच्या काळातलं स्टॉपवॉच होतं. भौरीच्या आयसर या विज्ञानसंस्थेत संशोधन करणारी एक मुलगी दर वर्षी आरतीला येते. तिनं फळीकडे पाहून विचारलं, "सर, दुप्पट वजनाला फळी दुप्पटच वाकते ना? तपासलंय?" सर गहिवरले. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यांना कोणी योग्य प्रश्न विचारला होता. तिला त्यांनी तिथल्या तिथे सहायक नेमलं आणि दोघांनी तांदळाची पोती ठेवून फळी तपासली.

मग अर्धा तास ते रिकाम्या फळीची नोंद घेत बसले. खजिनदार येऊन म्हणाले, "अहो सर, अजून कोणी आलेलं नाही. काय मोजताय?"

"कोणी नसणं," सर म्हणाले. "ते नीट मोजलं नाही, तर कोणी असणं कसं कळणार?"

पट्टीवरचा काटा मधूनच थरथरत होता. शोध घेता लक्षात आलं, की मांडवामागचा जनरेटर फळीला हादरे देतोय. सरांनी तो बंद करायला सांगितला. त्या क्षणी आत आरती टिपेला पोचली होती. पंखे थांबले, माइक बसला, लोक घामाघूम झाले. तरी फळी स्थिर झाली.

जेवणं सुरू झाली. पहिल्या दहा मिनिटांत दोन पोरं हातात हात घालून फळीवर चढली. "एकेक या!" पोरं सुटी झाली. एक आजी नातवाला कडेवर घेऊन गेल्या. वहीत नोंद झाली, 'जोडी, जड.' परत येताना नातू मांडवातच राहिला होता. नोंद झाली, 'जोडी फुटली.' काही जण अर्ध्या वाटेवरून चपला विसरल्या म्हणून मागे फिरले, पुन्हा आले, पुन्हा फिरले. आयसरची मुलगी त्यांच्या येण्याजाण्याची नागमोडी रेघ काढत होती आणि सर समाधानानं मान डोलावत होते. रेणूही सरळ जात नाही, भटकत भटकतच जातो. लाल फीतवाल्यांची चाल तर ओळखू यायची. फीत लावलेला माणूस दर दोन पावलांना थांबतो, कुणाला तरी हात जोडतो, छाती पुढं काढतो आणि बोळ दोन्ही बाजूंनी भरून टाकतो. तोच माणूस आदल्या दिवशी मांडव घालताना याच बोळातून उंदरासारखा सुळकन गेला होता.

आठवड्यानं कार्यकारिणीची बैठक झाली. सरांनी भिंतीवर आलेख चिकटवला. आडव्या रेघेवर वजन, उभ्या रेघेवर आकार आणि मध्ये ठिपक्यांचे पुंजके. "सव्वा पान कोणीही जेवलेलं नाही," त्यांनी सुरुवात केली. "बहुतेकांनी एक पान घेतलं. काही थोडे जण दोनदा गेले. आणि बरेच लोक फळीवरून गेले ते नुसते भेटायला. तेवढ्यात परतही आले, म्हणजे जेवलेच नाहीत. पातेली उरतात ती या मंडळींमुळे. जिलबी संपते ती त्या थोड्यांमुळे. दोघांना एकत्र घोटून तुम्ही सव्वा काढता, आणि दोन्हीकडे चुकता."

खजिनदार आनंदानं टाळी वाजवणार होते, तेवढ्यात अध्यक्षांनी विषयाला हात घातला. "ते ठीक आहे. पण दोनदा जेवणारे कोण? नावं सांगा."

"नाव या पद्धतीत कळत नाही," सर म्हणाले. "वजन कळतं, आकार कळतो. एकाच वजनाची आणि एकाच चालीची दोन माणसं असली, तर मला ती वेगळी काढता यायची नाहीत. ही या पद्धतीची मर्यादा आहे, मी ती लपवत नाही. नावच हवं असेल, तर बिल्ला लावावा लागेल."

"मग लावा!"

"बिल्ला लावला की माणूस बदलतो. हे पाहा." सरांनी काठी दोन ठिपक्यांवर टेकवली. "हा सव्वाबाराचा. फळी एकोणीस मिलिमीटर दबली. चाल संथ, चार ठिकाणी थांबा, रुंदी भिंतीपासून कुंपणापर्यंत. हा दोनचा. थांबा एकही नाही, रुंदी निम्मी, वेग तिप्पट. मी आधी ही दोन माणसं धरली होती. मग वजन पाहिलं, तर तेच. म्हणजे रेणू एक, अवस्था दोन. सव्वाबाराला उलगडलेला, दोनला घडी घातलेला."

बैठकीत शांतता पसरली. आयसरच्या मुलीनं नम्रपणे दुरुस्ती सुचवली, "सर, वजन अगदी तेच नाही. दुसऱ्या वेळी फळी थोडी जास्त दबली होती."

"तो पहिल्या पानाचा फरक," सर म्हणाले. "अपेक्षितच आहे."

सगळे छताकडे पाहू लागले. अध्यक्षांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि 'आयत्या वेळचे विषय' पुकारले. पहिला विषय त्यांनीच मांडला. बोळ गैरसोयीचा आहे, वृद्धांना त्रास होतो, तरी कुंपण मागे हटवून बोळ रुंद करावा, गटारावर पक्का स्लॅब टाकावा आणि फळी मोडीत काढावी. "मंजूर?" चारही बाजूंनी दणदणीत "मंजूर!" आलं. भिंती हादरल्या.

सर उभे राहिले. "एकेक हात वर करा."

"अहो, आवाज ऐकलात ना?"

"आवाज ऐकला. माणसं मोजायची राहिली आहेत."

मोजली. हात वर आले ते पाच, आणि पाचांपैकी चौघांच्या छातीवर अजून लाल फीत होती. विरोधात अकरा. त्यांच्यापैकी कोणाचाच आवाज निघाला नव्हता. ठराव पडला. खजिनदारांनी पुढच्या वर्षीचा स्वयंपाक सरांच्या आलेखावरून सांगायचा ठराव लगेच मांडला आणि तोही हात मोजून मंजूर झाला.

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "या गृहस्थांना आजीव मोजणीप्रमुख केलं कोणी?" त्यांनी चिडून विचारलं.

चिटणीसांनी इतिवृत्त उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "आवाजी मतदानानं, साहेब."